सुगंधाचं गाऱ्हाणं

सुगंधा माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. घाटकोपरला भटवाडीत, डोंगराच्या अंगावर आमची चाळ. आम्ही दोघी कोकणातल्या एकाच गावच्या, पण ती बोलायला अशी हळू, की नळावर तिचा हंडा कोणीही मागे सरकवावा. तिचं वाटण मात्र गल्लीत कोणाला जमायचं नाही. माशाचं सार तिनंच करावं. मी सांगते, मी चांगली करते तरीही सांगते.

गिरणीचा संप होऊन वर्ष उलटलं आणि तिचा नवरा सहदेव प्यायला लागला, मारायला लागला. लोक म्हणायचे, बिचाऱ्याची नोकरी गेली. अरे, माझ्या अनंताची नाही गेली? त्याच गिरणीत होता ना? घरी बसून मेथी निवडायचा, पण हात नाही उचलला कधी. बिचारा म्हणे!

मी तिला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा. आमच्यात घरी मिटवायचं म्हणजे मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळात न्यायचं. मंडळाच्या खोलीत रविवारी बैठक भरते. पुरुष आत सतरंजीवर, बायका बाहेर गॅलरीत. अध्यक्ष धोंडिरामअण्णांनी सहदेवला देवाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवायला लावला. आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, की हा आता बायकोवर हात टाकणार नाही. सगळे पुरुष म्हणाले, "व्हय महाराजा!" नारळ फुटला, खोबरं वाटलं. मीही खाल्लं आणि वाटलं, चला, सुटली.

सुटली कसली! तिची वाटच लागली. तो आता लुगड्याखाली दिसणार नाही असं मारायचा. आणि ती सांगायला गेली की अण्णा म्हणायचे, "देवासमोर नारळ ठेवलाय त्यानं. तो मारीलच कसा?" म्हणजे खोटी कोण? सुगंधा! नारळ फुटल्यापासून तिच्या तोंडाला किंमतच उरली नाही.

मग एका दुपारी तिची किंकाळी ऐकली. धावत गेले तर ही रॉकेलनं भिजलेली आणि तो काडेपेटी शोधतोय. काडेपेटी नेमकी माझ्याकडे. सकाळी स्टोव्ह पेटवायला आणलेली, परत द्यायची राहिलेली. तिला ओढत माझ्या खोलीत आणली, कडी लावली.

रविवारी पुन्हा बैठक. का, तर परक्याची बायको आम्ही घरात ठेवली म्हणून. सहदेव दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेला. पुन्हा नवा नारळ. अण्णा म्हणाले, "तो पुन्हा शब्द देतोय. सुगंधा, आज घरी जायचं."

मी गॅलरीतून ओरडले, "अण्णा, तिला जाळेल तो!"

"तू गप गं जानकी. बायकांनी मध्ये बोलायचं नाही."

तेवढ्यात सुगंधा उंबरा ओलांडून आत गेली. आमच्या गावची बाई कधी त्या सतरंजीवर चढली नव्हती. तिनं सहदेवच्या पुढ्यातला नारळ उचलला. आणि तिनं स्वतः गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, ह्या माणसान तुझ्या नावान नारळ फोडल्यान आणि घराक येवन माका मारल्यान. माझ्या अंगावर रॉकेल ओतल्यान. मी आता ह्याच्या घराक जावचंय नाय. माका जो कोण परत धाडीत, तेका तू इचार!"

थांबली. गाऱ्हाणं झालं की सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. एक पुरुष बोलेना. अण्णा तसबिरीकडे बघेनात. माझा अनंतसुद्धा सतरंजीचे धागे उपटत बसलेला. घरी गेल्यावर त्याला काय ते सुनावलं, ते सोडा.

मीच ओरडले, "व्हय महाराजा!" मागून आमच्या चाळीतली शेवंती ओरडली, मग सगळी गॅलरी.

अण्णा उठले. "बायकांचा होकार मंडळात धरत नाहीत."

"नका धरू!" मी म्हटलं. "ती माझ्याकडे राहील. आणि उद्या आम्ही सगळ्या चौकीत जाणार, रॉकेलचं सांगायला. बघू आम्हाला कोण घरी पाठवतो."

सहदेव दात खात बसून होता. सुगंधा त्याच्यासमोरून बाहेर आली. जिन्यापर्यंत नीट चालली आणि तिथं तिचे पाय गेले. शेवंतीनं खांदे धरले, मी पाय. उचलली तर काही वजनच नव्हतं तिला. एवढीशी बाई, आणि हिच्यावर हात उचलायचा तो, मेला.