टिकारामचा पहिला घाव

टिकारामले टमाटर घ्यायचे असले तरी तो आधी डोळे मिटते. भाजीवाली शालू काटा धरून उभी, मागं माणसं खोळंबलेली, अन् हा आपला टोपलीसमोर ठोंब्यासारखा. मी एकदा म्हटलंही, देवाले इतकी फुरसत आहे का बाप्पा तुझ्या टमाटरची? तो हासला. म्हणाला, वहिनी, टमाटरची नसंल, माझी आहे.

असा हा आमच्या गावचा पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी सोडणारा माणूस. धान रोवण्याच्या दिवसात तलावाचं तुडूम, पाणी सोडायचं दार, त्याच्याच हातानं उघडते, अन् त्यापायी दर घरून त्याले धान मिळते. त्याचा बापही पाणकर होता. अन् जुन्या काळापासून एक रीत आहे: तलावाच्या पाळीले, म्हणजे मातीच्या बांधाले, कुदळ लावायची वेळ आलीच, तर पहिला घाव पाणकराचा. त्याच्याआधी कोणी हात लावायचा नाही. फोडलेलं पाणी कोणाच्या ना कोणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, जाणारच, मग गावात डोकी फुटतात. माझं घर पाळीच्या पायथ्याशी आहे, म्हणून मले हे सारं पाठ.

बारा वर्षांमागं हाच टिकाराम दारू पिऊन तुडमाजवळ लोळत राहे. कुंताबाई, त्याची बायको, त्याले बखोटीले धरून घरी नेई. मग कोणासंगं तरी तो लाखनीले प्रार्थनेले जाऊ लागला. सायकलनं पाऊण तास, दर रविवारी. दारू सुटली. गाव म्हणे, शाबास गड्या, मन घट्ट केलं. त्याले ते काही पटे ना. तो म्हणे, मी कायचं घट्ट केलं? मले तर सोडावंसंही वाटत नव्हतं. ते वाटणंही त्यानंच माझ्या आत घातलं.

लाखनीचा पास्टर अमर त्याले हेच शिकवी. चांगलं करायची इच्छाही देवच माणसात उभी करते, अन् ते करायचं बळही देवच देते. म्हणून माणसानं भीत-कापत आपलं काम करत राहावं. टिकारामनं इच्छेचं धरलं, भेवाचंही धरलं, अन् 'काम करत राहावं' एवढंच नेमकं सोडलं. हे आपलं माझं मत. मी त्याच्या देवाची नाही, पण मले बोलायले कोणाची चोरी आहे?

त्याचा मोठा भाऊ दसाराम. नऊ वर्षांमागं त्यायची आई गेली, तेव्हा तिरडी बांधून झाल्यावर दसारामनं त्याले सगळ्यांसमोर विचारलं, पिंड देशील का? टिकाराम डोळे मिटून उभा राहिला, मग नाही म्हणाला. तर मग खांदाही नको, दसाराम बोलला. मी तिथंच होती. टिकाराम नदीपर्यंत आईच्या मागं वीस पावलं अंतर ठेवून चालत गेला, अन् तिथून दोघा भावात शब्द नव्हता. कुंताबाई सांगे, रोज पहाटे त्याची एकच प्रार्थना असे: देवा, दादाविषयी माझं मन साफ कर. नऊ वर्षं. अन् मन तर काही साफ होत नाही, हे तो स्वतःच कबूल करे.

गेल्या वर्षी श्रावणात चार दिवस झड लागली. तलावाचा सांडवा, जास्तीचं पाणी जायची वाट, रस्त्याच्या कामाच्या मातीनं बुजला होता, कोणी काढली नाही. तुडूम पूर्ण उघडून दोन दिवस झाले, तरी पाणी चढूनच राहिलं होतं. तिसऱ्या प्रहरी मी परसात गेली तर पाळीच्या बुडातून पाणी पाझरून राहिलेलं. निर्मळ पाझरलं तर भ्यायचं नाही, पण गढूळ आलं की पाळ आतून खचते, हे माझ्या सासऱ्यानं मले शिकवलं होतं. ते गढूळ होतं. घरात नात गुड्डी तापानं निजलेली, अन् खाली टोलीत वीस-बावीस घरं.

मी तशीच पाळीवर धावली. अर्धं गाव तिथं कुदळी घेऊन उभं, अन् कोणाची कुदळ चालून नाही राहिली. पाळीच्या दोन्ही टोकाले मुरमाची जमीन आहे, पाळ न फुटता पाणी काढायचं तर तिथंच. उत्तरेचं टोक खालचं. तिथं अर्धा तास खोदलं की पाणी उतरते, पण ते जाते दसारामच्या बांधीत. दक्षिणेचं टोक उंच, तिथं खोल खोदावं लागते, अन् तिकडं टिकारामची दीड एकर. चर उत्तरेलेच पाडायचा हे शेंबडं पोरही सांगेल. दसाराम छत्री घेऊन बाजूले उभा होता. अन् आमचा पाणकर उत्तरेच्या टोकावर कुदळ टेकवून, डोळे मिटून उभा.

मी त्याचा दंड धरून हलवला. "टिकाराम, माझ्या घरात लेकरू आहे. कायची वाट पाहून राहिला तू?"

त्यानं डोळे उघडले. हळूच बोलला, "वहिनी, मले इथं घाव घालायची इच्छा आहे. लय इच्छा आहे. त्याचंच तर भेव आहे."

मग भडाभडा सांगून मोकळा झाला. म्हणे, हात शिवशिवून राहिले आहेत. दादाचं धान बुडताना दिसते अन् आतून बरं वाटते. ही इच्छा देवानं घातली म्हणू का माझ्या जुन्या रागानं? उद्या मीच म्हणीन देवानं करवलं, अन् केलेलं असंल मी.

कीव यायले पाहिजे होती, पण मले राग आला. मी म्हटलं, तुझं मन धुवून होईपर्यंत आम्ही सारे वाहून जाऊ. त्यानं कुदळ उचलली, अन् मले वाटलं सुटलो बाप्पा. तर हा पळत सुटला दक्षिणेकडे. माणसं ओरडली, पण त्यानं ऐकलं नाही. पहिला घाव त्यानं आपल्याच बांधीच्या वर घातला.

आठ-दहा गडी त्याच्या मागं गेले, दुसरं करता काय. मुरूम टणक, अन् खोली कमरेएवढी. त्याच्या तळहाताची सालं निघाली तरी थांबे ना. तास गेला. मी दोनदा घरी जाऊन आली. परसातली गढूळ धार आधी बोटाएवढी होती, मग मनगटाएवढी झाली. गुड्डीले मी शेजारच्या राखीच्या काखेत देऊन वरच्या आळीत पाठवून दिलं. दक्षिणेचं पाणी वाहू लागलं एकदाचं, पण बारीक. त्यानं तलाव काय उतरणार? स्वतःच्या पापाच्या भेवानं त्यानं आमचा एक तास खाल्ला. त्या तासाचा राग मले आजही आहे.

तेव्हा दसारामनं छत्री मिटली. चिखलात ठेवली. जवळच्या गड्याच्या हातातली कुदळ घेतली अन् उत्तरेच्या टोकाले, आपल्या बांधीच्या वर, खोदू लागला. कोणीतरी त्याले अडवायले गेलं, तर एवढंच म्हणाला, "पहिला घाव पडला आहे ना? मग झालं." माणसं धावली. अर्ध्या तासात पाण्याचा लोंढा त्याच्या हिरव्यागार धानावरून गेला. नंतर मी त्याले विचारलं, दसारामभाऊ, कोणी घातलं तुमच्या मनात? तो म्हणाला, कोणी कायले घालंल जी, तो येडा आपलंच धान बुडवून राहिला होता, मले पाहवलं नाही.

पण उत्तरेचा चर पाण्यानं रुंद होत चालला होता. तोंडाशी आडवा ओंडका टाकला नसता तर पाण्यानं पाळच खाल्ली असती. मोहाचा एक जुना ओंडका पडला होता, चौघांनाही जड. टिकाराम दक्षिणेकडून आला अन् थांबला. वीस पावलं दूर, आईच्या दिवशी होता तसाच. मागं गडी लागले, दसारामनं ओंडक्याचं पुढचं टोक उचललं. त्याच्याकडे न पाहता बोलला, "तिथं काहून उभा? ये, खांदा दे."

या खेपेले टिकारामनं डोळे मिटले नाहीत. सरळ आला अन् दसारामच्या बाजूले ओंडक्याखाली खांदा लावला. मी पाळीवर बाजूनं चालून राहिली होती, पाय कुठं पडतात ते सांगत. खाली गढूळ धार अजून वाहतच होती. टिकारामच्या तोंडावर पाणी होतं, पावसाचं का कायचं, कोण जाणे. मले पाहून तो पुटपुटला, "वहिनी, राग अजून गेला नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "तू चाल."

तो चालत राहिला.