यमुनाताईने गोल सोडला

सामना सुरू होण्याआधी यमुनाताई ओकायची. प्रत्येक सामन्याआधी. गोलाच्या मागे जायची, गुडघ्यांवर हात टेकायची, सकाळपासून पोटात जे काही गेलं असेल ते काढून टाकायची. मग चूळ भरायची, हातमोजे चढवायची आणि दोन खांबांच्या मध्ये येऊन उभी राहायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई आजारी आहे. मी पाणी घेऊन धावले.

"आजारी नाय गो, भ्यालंय," ती तोंड पुसत म्हणाली. "भ्याव पोटात ठेवून खेलता येत नाय. भायेर काडला. आता सांग, तू नवीन पोर ना? नाव काय तुझं?"

"सुमन."

"सुमन, पुढं पलायचं. मागं बगायचं नाय. मागं मी हाय."

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी कळव्याला राहायचे आणि ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. कॉलेजच्या शर्यतीत मला पळताना पाहून रेगे सरांनी बोलावून घेतलं होतं. सर एके काळी स्वतः चांगले खेळाडू होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोपरीच्या पलीकडे, खाडीच्या बाजूच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल क्लब काढला होता. मोठ्या भरतीला त्या मैदानाचा एक कोपरा ओला व्हायचा, आणि सर तो कोपरा सोडून खेळायला लावायचे.

यमुनाताई ठाण्याच्या कोळीवाड्यातली. आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, तिशीच्या आसपासची. नवरा होता, चंदा नावाची शाळेत जाणारी पोर होती. सकाळी ती मंडईत मासळी विकायला बसायची आणि ऊन कलल्यावर मैदानावर यायची. लहानपणी भावांनी तिला गोलात उभी केली होती, कारण तिथे कुणालाच उभं राहायचं नसायचं. तिला मात्र ती जागा आवडली. "सगला खेल दिसतो हितून," ती म्हणायची. "कोन दमली, कोन रुसली, कोनाचं घरी भांडान झालंय, समदा कलतो."

त्या वर्षी आमचा क्लब पहिल्यांदाच मुंबईच्या महिला लीगच्या वरच्या गटात चढला होता. समोरचे संघ नोकरदार मुलींचे. त्यांचे बूट नवे, त्यांच्या बसगाड्या स्वतंत्र, आणि आपण जिंकणार हे त्यांच्या चालण्यातच दिसायचं. पहिल्या सामन्यात आम्ही चार गोल खाल्ले. यमुनाताईने अडवले नसते तर किती झाले असते, देव जाणे. नंतर मी रडत बसले होते तर ती शेजारी येऊन म्हणाली, "रडतंस कशाला? त्या पन घाबरलेल्या. मी बगितलं ना जवलून." त्या मोठ्या संघातलं कुणी घाबरेल हे मला खरं वाटलं नाही. पण पुढचा सामना आम्ही बरोबरीत सोडवला.

त्याच सुमाराला तो यायला लागला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या मागच्या गल्लीत राहायचा, डोंबिवलीकडे कुठल्याशा कारखान्यात कामाला होता. आधी गल्लीच्या तोंडाशी दिसायचा, मग कॉलेजच्या फाटकापाशी, मग मैदानावर. एकदा खाडीच्या पुलावर आडवा आला आणि अगदी हळू, समजुतीने बोलावं तसं म्हणाला, "माझ्याशी लग्न केलंस तर ठीक. नाहीतर हे तोंड कुणाला दाखवायच्या लायकीचं राहणार नाही."

त्या वर्षांत आमच्या भागातल्या आयांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा: ॲसिड. कुठल्या तरी मुलीची गोष्ट कुणीतरी सांगायचं आणि आई माझ्याकडे बघून गप्प व्हायची. मी घरी काही बोलले नाही. बोलले असते तर खेळ बंद झाला असता, कॉलेजही. रस्त्याने जाताना कुणाच्या हातात बाटली दिसली तरी मी ओढणीने तोंड झाकून घ्यायचे. दूधवाल्याला घाबरायचे. रॉकेलच्या रांगेत उभी राहायला घाबरायचे.

मैदानावर तो नेहमी एकाच जागी, आमच्या गोलाच्या मागे उभा राहायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की त्या गोलावर मला हल्ला करायचा असायचा, म्हणजे त्याच्या दिशेनेच पळायचं. मी मध्येच थांबायचे. गोलासमोर मोकळी असले तरी मी चेंडू दुसरीला देऊन टाकायचे. रेगे सर चिडायचे, "सुमन, पहिल्या हाफला तू हरीण असतेस, दुसऱ्यात काय होतं तुला?" मी म्हणायचे, दम लागतो.

यमुनाताईने मला काही विचारलं नाही. सामना संपल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि बाजूला नेलं. "तो मानूस अख्खा हाफ माझ्या पाठीशी उभा राहून तुझं नाव घेतो. सारखा. जप केल्यागत. माझ्या अंगावर काटा येतो. कोन हाय?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती म्हणेल, घाबरू नकोस. ती म्हणाली, "मना पन भ्याव वाटतो त्याचा. म्हंजे भ्याव खरा हाय. चल, सरांना सांगू."

रेगे सर आणि ती मला चौकीवर घेऊन गेले. तिथल्या हवालदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पोरींनी चड्डी घालून मैदानात उतरायचं आणि मग तक्रार आणायची. त्याने काही केलंय का? केल्यावर या." सर वाद घालत बसले. यमुनाताई उठली, म्हणाली, "केल्यावर हिचं तोंड कुठून आनायचं साहेब?" आणि मला घेऊन थेट आमच्या घरी आली.

बाबांना तिने जमिनीवर बसून सगळं सांगितलं. आई दाराला धरून उभी. बाबा म्हणाले, "उद्यापासून कुठे जायचं नाही."

"भाऊ, तुमी बाप, तुमचाच शब्द," यमुनाताई म्हणाली. "पन घरात बसवलीत त तो दारात येल. घरात ती येकली. मैदानात आमी अकरा जनी हाव."

बाबांनी एकच अट घातली: ते स्वतः प्रत्येक सामन्याला येणार. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारे माझे बाबा छत्री घेऊन रेषेपाशी उभे राहायला लागले. आणि तो दिसेनासा झाला. लोक म्हणाले, गावी गेला. आम्ही दोन सामने जिंकलो. एकात मी गोल केला तेव्हा यमुनाताई मैदानभर पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. पण रात्री झोप लागत नव्हती. तो दिसायचा तेव्हा निदान कुठे आहे ते तरी कळायचं. यमुनाताईचंही तसंच. आता ती सामन्यात मध्येच मान वळवून मागे पाहायची. आम्हाला "मागं बगू नका" म्हणणारी बाई.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो. उत्तरार्ध सुरू होता आणि एक-एक गोल झाला होता. समोरच्यांनी जोर लावला म्हणून मी बचावाला मागे आले होते. चेंडू खाडीकडच्या रेषेबाहेर गेला, आमच्या गोलापासून जवळच. थ्रो मला टाकायचा होता. बाबा आणि सर पलीकडच्या बाजूला होते. मी मैदानाकडे तोंड करून उभी राहिले, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागे नेला, आणि यमुनाताईला गोल सोडून माझ्याकडे धावत येताना पाहिलं.

मला वाटलं, ती चेंडू मागतेय. मी तिच्याकडे टाकला. तिने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्या बाजूने निघून गेला, आणि तिचे डोळे माझ्या खांद्याच्या मागे कशावर तरी खिळले होते. मग तिने मला छातीवर धडक देऊन खाली पाडलं. पडता पडता मला तिचे दोन्ही हात वर गेलेले दिसले, गोलकीपर हात पसरते तसे.

आधी वास आला. मग तिची किंकाळी. बाजूचं गवत फसफसत होतं. माझ्या बाहीला भोकं पडली होती, पण चेहऱ्यावर एक थेंबही नव्हता. तिच्या हातमोज्यांचा चिखल झाला होता, आणि डावा हात कोपरापासून मानेपर्यंत भाजला होता. पलीकडून रेफ्रीची शिटी ऐकू आली. समोरच्या संघातल्या एका मुलीने, काय चाललंय ते न कळल्याने, रिकाम्या गोलात चेंडू मारला होता.

बाटली टाकून तो खाडीकडे पळाला, पण चिखलात रुतला. तिथे धावत आलेल्या बाबांनी त्याला छत्रीने झोडपलं आणि बाकीच्यांनी धरलं. आमच्या मुलींनी प्यायच्या पाण्याचं पिंप यमुनाताईवर ओतलं. ते संपलं तेव्हा समोरच्या संघाच्या मुली आपल्या बाटल्या घेऊन धावल्या. त्यांच्या कप्तानाने तो गोल रद्द करा म्हणून नंतर खूप सांगून पाहिलं. आयोजकांनी ऐकलं नाही. गोल धरला गेला आणि आम्ही खालच्या गटात गेलो.

इस्पितळात तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते, "गोल झाला काय गो?"

"झाला, ताई."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "थ्रो नीट टाकायला शिक. हातात दिला असतास त पकडला नसता मी?" आणि आम्ही दोघी इतक्या रडलो की नर्सने मला बाहेर काढलं.

तिच्या डाव्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. ती गोलात उभी राहिली नाही. कोर्टात मात्र तिने त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्याला काही वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले. सणासुदीला यमुनाताई टोपलीत पापलेट, कोलंबी घेऊन माझ्या घरी यायची. माझा मुलगा तिला मावशी म्हणायचा.

मग एकाएकी ती यायची बंद झाली. मी कोळीवाड्यात जायचं ठरवलं तर चंदाकडून निरोप आला, "आई म्हणते, इकडे येऊ नका. मंडईत तर नकोच." कारण काही नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी मी मनाशी म्हटलं, त्या हाताने मासळी कापताना तिला रोज मी आठवत असेन, आणि त्यात तिची तरी काय चूक. वर्षं तशीच गेली. नव्वदचं दशक संपता संपता काविळीचं निमित्त होऊन ती गेली. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

मी चंदाला भेटायला गेले. आता ती कॉलेजात जाणारी, उंच, आईसारख्याच खांद्यांची मुलगी. तिने मला आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"मावशी, तो सुटल्यावर मंडईत आला होता," ती म्हणाली. "मी आईच्या शेजारीच बसले होते. तो समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, सुमन कुठे राहते आता? आईच्या हातातला कोयता खाली पडला. मला वाटलं आता ती ओरडणार. तर ती छाती पिटून रडायलाच लागली. म्हणाली, कुठली सुमन? मेली ती. बाळंतपणात गेली पोर. आजच कळलं. सगळी मंडई गोळा झाली. तो बघत राहिला आणि निघून गेला."

"मग?"

"मग तो रोज यायचा, लांब उभा राहून बघायचा. खरं की खोटं ते बघायला. म्हणून आईने तुमचं सुतक पाळलं. टोपली उचलली नाही. बाबांनाही होडी काढू दिली नाही. दहाव्याला खाडीवर जाऊन पिंड ठेवला, त्याला दिसेल असा. मी म्हटलं, आई, जिवंत माणसाचं असं करू नये. ती म्हणाली, करू दे. तेवढाच त्याचा विश्वास बसेल."

चंदाने ओढणीने डोळे पुसले.

"त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. पण तुम्हाला खरं कळलं तर तुम्ही धावत याल, म्हणून आईने मला बोलू दिलं नाही. म्हणायची, मेलेल्या माणसाच्या घरी मासे घेऊन कसं जायचं?"