लाल योद्ध्यासाठी टाळ्या

माझी मुलगी रेवा मंचावर पाठमोरी बसली होती आणि मी प्रेक्षकांत बसून जीव तोडून टाळ्या वाजवत होतो. व्हिडिओ गेममधल्या मारामारीची ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. हा सामना हरली की रेवा बाहेर. समोरच्या प्रचंड पडद्यावर लाल कपड्यांतला योद्धा निळ्याला बडवत होता. रेवाने लाल टी-शर्ट घातला होता, म्हणून लाल तिचा, असं मी धरून चाललो होतो.

शेजारी बसलेली तिची मैत्रीण माझ्या कानाशी वाकली. "अहो काका, निळा आपला! रेवा मार खातेय."

माझे हात हवेतच राहिले. रेवाच्या कानांवर हेडफोन होते, तिला काही ऐकू गेलं नसणार. पण तेवढ्याने मला बरं वाटेना. मुलं मोठी होतात आणि आपल्याला न कळणाऱ्या खेळांत, नोकऱ्यांत, नात्यांत लढू लागतात. आपण मागे बसून कौतुक करतो, आणि ते कधी कधी नेमकं त्यांना मारणाऱ्याच्याच पदरात पडतं. अशा किती टाळ्या मी आजवर वाजवल्या असतील?

मग मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. पडदा लखलखत होता, लोक ओरडत होते. मला फक्त तिची पाठ कळत होती. लहानपणी इंजेक्शनच्या आधी ओढून घ्यायची, तसे तिने खांदे वर ओढून घेतले होते.

ते एकदम गळाले. ती हरली, हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही.