भोकराचा चढ चढणारी गाडी

गाडीतलं मला सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, आमच्या कडाव गावात कुणालाही विचारा. (सगळ्यांना मीच सांगून ठेवलंय.)

आमची पहिली गाडी म्हणजे लाली. लाल रंगाची, छोटी, जुनीच घेतलेली. सपाटीला अगदी गुणाची! आमच्याकडे सगळी भातखाचरं, रस्ता पाटासारखा, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. नडला तो फक्त भोकराचा चढ. पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला माझ्या आईचं माहेर आहे. गावात शिरायच्या तोंडाशीच हा चढ लागतो, आणि त्याच्या टोकाला, सगळ्या गावाला दिसेल असं, मामाचं घर.

पहिल्यांदा लाली घेऊन गेलो तेव्हा निम्म्या चढावर तिने मान टाकली. मागे माझी बायको मनीषा, मांडीवर तांदळाच्या आणि भाजीच्या पिशव्या, पुढे माझ्या शेजारी आई. घर्रर्र आवाज झाला, समोर एक लाल दिवा लागला आणि गाडी बंद!

"काय झालं?" मनीषाने पिशव्यांच्या मागून विचारलं.

"वजन," मी म्हणालो. "तो लाल दिवा दिसतोय? गाडी दमली की लागतो."

दोघींना उतरवलं आणि एकटा बसून गाडी सुरू केली, तर सरसर वर! म्हणजे निदान अचूक होतं. एकदा खात्री करायला नुसत्या आईला बसवून पाहिलं. आई म्हणजे एवढीशी, तांदळाच्या कट्ट्यापेक्षा थोडी जास्त. तरीही दिवा लागला आणि गाडी बंद! इंजिनात जीवच नाही, दुसरं काय? मात्र त्या धावपळीतही माझं ड्रायव्हिंग काय होतं, ते सांगायलाच हवं. गाडी बंद पडून मागे घरंगळू नये म्हणून मी हँडब्रेकला हात घालायचो, तर तो आधीच ओढलेला असायचा! कधी ओढला ते माझं मलाच कळायचं नाही. हात इतका तयार होता.

पुढे तर सांगावंही लागेना. चढ आला की दोघी मुकाट्याने उतरायच्या. मी गाडी घेऊन वर जायचो आणि आई मागून, गुडघ्यावर हात ठेवत, पदर सावरत, चालत यायची. वर मामी आणि शेजारणी उभ्याच असायच्या.

"यमूताय, लेकानं गाडी घेतली ना गं? मंग चालत कशी?"

"पाय मोकले करते गं," आई म्हणायची आणि ओट्यावर बसून गुडघे चोळायची. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लेकाची गाडी असून आईने माहेरच्या दारात चालत जायचं?

अशात मामाच्या नातवाचं बारसं ठरलं. मी मामाला फोन लावला.

"मामा, या वेळी आई गाडीत बसून थेट तुमच्या दारात उतरणार. सगळ्यांना दारात उभं करून ठेवा!"

"तुजी ती लाल गाडी चढते का आता?"

"दुसरी घेतोय!"

लाली आमच्या शेजारच्या बबनदादाने घेतली. त्याचा दुधाचा धंदा. त्याला मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, हिच्यात जीव नाही. चढावर नेऊ नको." तो म्हणाला, "बगू."

मग मी वापरलेल्या गाड्या बघायला बाहेर पडलो. माझी गाडी पारखायची एक पद्धत आहे. आधी टायरला हलकीशी लाथ. मग दार आपटून आवाज ऐकायचा. मग बॉनेट उघडून आत बराच वेळ बघायचं आणि "हं" म्हणायचं. या "हं"ला भले भले मालक घाबरतात.

पहिली गाडी शेलूला, एका नव्या बिल्डिंगखाली. मालक म्हणाला, "मी तर स्टेशनला चालतच जातो. गाडी नुसती उभी असते." गाडी नव्यासारखी, सगळं बटणावर. मी "हं" म्हणालो. आई पुढच्या सीटवर बसली, इकडेतिकडे चाचपलं आणि खाली उतरली.

"नको रं ही. धरायला काय नाय हिला."

"अगं, ही काय खिडकीच्या वर कडी!"

"ती उंच हाय. खांदा भरून येतो माजा. नको."

गेली ती गाडी! दुसरी कर्जतला पाहिली, ती मनीषाने नापास केली, कारण डिकीत एक पातेलं बसत नव्हतं. तिसरी मी स्वतःच नाकारली. (बॉनेट उघडेना. मालकासमोर मी दहा मिनिटं खटपट केली, शेवटी त्याच्या सात वर्षांच्या मुलीने आतली कळ ओढली. तिथे काय "हं" म्हणणार?)

शेवटी चौकला एका गाड्यांच्या आवारात ती दिसली. पांढरी, उंच, ऐसपैस!

"साहेब, डॉक्टरची गाडी आहे," विकणारा म्हणाला. "घर ते दवाखाना, बाकी कुठे गेलीच नाही."

(जुनी गाडी वकिलाची किंवा मास्तरांची का नसते, कोण जाणे.)

मी लाथ, दार, बॉनेट, सगळं यथासांग केलं. मनीषाने डिकीत वाकून पाहिलं आणि मान डोलावली. आई पुढे बसली, दोन सीटच्या मधे हात नेला आणि तिचा चेहरा खुलला.

"ही चांगली हाय. मजबूत हाय."

मजबूत! म्हातारीला काय नजर आहे, मला वाटलं. तरी मी असा तसा फसणारा नाही. म्हणालो, "ट्रायल भोकराच्या चढावर घेणार." विकणारा बिचारा तयार झाला, स्वतः सोबत आला. पळसदरी गेलं, चढ आला, मी पायथ्याशी गाडी जरा हळू केली... आणि दोन दारं उघडली! आई उतरली, मनीषा उतरली. सवयच ती! त्या दोघी उतरल्या म्हणून विकणाराही उतरला. त्याला वाटलं, इथे देवस्थान वगैरे असेल. त्याने चपला काढून डोंगराकडे बघून हातसुद्धा जोडले.

मी एकटाच वर गेलो. काय चढली म्हणता! खिडकीतून ओरडलो, "घेतली!"

तेव्हा आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की ही गाडी पारखली ती रिकामीच. मनीषा म्हणते, यातलं "आपल्यापैकी" काढ.

गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. बारशाच्या दिवशी आई जरीच्या काठाचं लुगडं नेसून पुढे बसली, मनीषा मागे. पिशव्या, पातेलं, बाळंतविडा, सगळं डिकीत. पायथ्याशी आईने सवयीने दाराला हात घातला.

"खबरदार कोण उतरेल तर!" मी गरजलो. "आई, आता नीट धरून बस आणि बघ!"

वर मामाच्या दारात अख्खं गाव उभं. मामीच्या हातात भाकरतुकडा, पाणी. मी ऐटीत हॉर्न दिला, पहिला गिअर टाकला आणि निघालो. निम्म्या चढावर घर्रर्र... लाल दिवा... आणि वर आणखी टूं टूं टूं!

"हे काय वाजतंय?" मनीषा.

"मोठ्या गाडीत सेन्सर जास्त असतात," मी म्हणालो आणि गाडी बंद पडली.

वरून मामाचा आवाज आला, "काय रं रमेश, ढकलायला येऊ का?" कुणीतरी हसलं. आईला आता परत उतरून चालावं लागणार होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू फुटायचं बाकी होतं. आणि तेवढ्यात मागून ओळखीचा हॉर्न वाजला. आमची लाली! आत बबनदादा, त्याची बायको, त्याची म्हातारी, धट्टीकट्टी मेहुणी आणि बारशाच्या खिरीसाठी मामाने मागवलेल्या दुधाचे भरलेले कॅन. लाली आमच्या बाजूने सरसर वर गेली. जाताना बबनदादाने खिडकीतून विचारलं, "काय रं, दमली का?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. या वेळी मनीषाच्या मांडीवर पिशव्या नव्हत्या. ती दोन सीटच्या मधून वाकून पुढे बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुमी काय धरलंय हातात?"

मी वळून पाहिलं. आईचे डोळे गच्च मिटलेले, ओठांवर देवीचं नाव आणि दोन्ही मुठींत हँडब्रेक! पार वरपर्यंत ओढलेला.

"आई, सोड ते!"

"सोडू? पडंन ना मी!"

"नाही पडणार तू! पट्टा लावलाय! सोड!"

तिने एकेक बोट सोडलं. मनीषाने मागून तिचे दोन्ही खांदे धरले. मी ब्रेक खाली केला, गाडी सुरू केली आणि ती डॉक्टरची गाडी एका दमात वर गेली ती थेट मामाच्या अंगणात! मामीने भाकरतुकडा ओवाळला. आई दार उघडून, पदर नीट करून, थाटात उतरली. "बसून आले गं!" तिने सगळ्या बायकांना सांगितलं. जिने ऐकलं नव्हतं तिला परत सांगितलं.

मग ओट्यावर मनीषाने सगळी हकीकत रंगवून सांगितली. मामा इतका हसला की बारशाचं बाळ उठलं. मी आईवर चिडलो, "अगं, तुला किती वेळा चढावर पायी यावं लागलं! ती दांडी कशाला ओढायचीस?"

"मी काय मनानं धरली?" आई उलट माझ्यावरच उखडली. "पयल्या दिवशी तूच बोललास, आई, चढ हाय, घट्ट धरून बस. आजपन बोललास. मंग धरली मी घट्ट!"

घरात माझं कुणीच ऐकत नाही, अशी मी जन्मभर तक्रार करत आलो. एक माणूस ऐकत होतं, आणि त्यापायी मी चांगली चढणारी गाडी बबनदादाला देऊन बसलो.