वाडग्याच्या काठावरचे तीन देठ

साउताई गेली सव्वीस वर्षं रोज रात्री सायगॉनच्या गल्ल्यांतून बांबू वाजवत चालते. डाव्या हातात बांबूचा वीतभर तुकडा, उजव्या हातात लोखंडी कांब. दोन ठोके सावकाश, तीन भरभर. गल्लीच्या तोंडाशी तिचा नवरा तामभाऊ हातगाडी लावून उभा असतो. गुडघे गेल्यामुळे त्याला चालवत नाही, म्हणून शिजवणं त्याचं आणि फिरणं हिचं. ठोके ऐकून वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडतं, "साउताई, दोन हू तिऊ, एकात मांस जास्त!" की ती मागे फिरते, सुपातल्या शेवयांचे वाफाळते वाडगे तबकात ठेवते, तीन-तीन जिने चढते, आणि पुन्हा ठोके देत पुढे जाते. तासाभराने रिकामे वाडगे गोळा करायची दुसरी फेरी. कोणाला काय दिलं ते ती कुठेही लिहून ठेवत नाही.

तिचं खरं नाव लाय. घरातली सहावी म्हणून साउ. आमच्याच क्वांग न्गाय प्रांतातली, मो दुककडची. गावाकडे दोघांनी टाइल्सचं छान घर बांधलंय. त्या घरात ती दोघं सगळी मिळून वर्षभरही राहिली नसतील. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला जातात, दहा दिवसांत परत.

हे सगळं मला मागच्या महिन्यात कळलं. ज्या रात्री कळलं त्या रात्री मला तिच्या घराशी, गुडघ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझी मुलगी हवी होती.

उयेन दोन वर्षांपूर्वी शिकायला सायगॉनला गेली. रोज रात्री साडेनऊला आमचं बोलणं व्हायचं. मग अचानक मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी फोन उचलेनाशी झाली. सकाळी म्हणायची, "झोपले होते गं आई." वीस वर्षांची मुलगी सायगॉनमध्ये साडेनऊला झोपते, यावर तिच्या बाबांचा विश्वास बसला. माझा बसला नाही. एका गुरुवारी नऊच्या आधीच फोन केला तेव्हा तिने उचलला, पण मागून पुरुषांचं हसणं ऐकू आलं आणि तिने घाईघाईने बंद केला. शनिवारी सकाळी मी शाळेत रजा टाकली आणि कोणाला न सांगता बसमध्ये बसले.

तिच्या खोलीशी पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. लांबट अंगण, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या, तिची अगदी टोकाला. दाराला बाहेरून कुलूप. मी फोन लावत होते, ती उचलत नव्हती. आणि उंबऱ्याशी दोन उष्टे वाडगे, जेवायच्या काड्यांचे दोन जोड.

एक वाडगा माझ्या मुलीचा. मग दुसरा कोणाचा?

त्या दुसऱ्या वाडग्यात सिगारेटचं थोटूक विझवलेलं होतं. मी ते दोन्ही वाडगे उचलले, अंगणातल्या नळावर नेले आणि घासायला लागले. हातांना काहीतरी काम हवं होतं, दुसरं काय. इतके घासले की वरची निळी फुलं निघतील की काय असं वाटलं.

तेवढ्यात ठोके आले. दोन सावकाश, तीन भरभर. एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई तबक काखेत मारून अंगणात शिरली, थेट उयेनच्या उंबऱ्याशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "इथले माझे वाडगे कोणी पळवले?"

"पळवले नाहीत, धुतलेत," मी म्हणाले. "या खोलीत उयेनबरोबर कोण जेवलं ते सांगा आधी."

तिने वाडगे दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिले आणि कपाळाला हात लावला. "धुतले! अहो, कोणी सांगितलं होतं? आता कोणी काय टाकलं ते मला कसं कळणार?"

"मी काय विचारतेय? दुसरा कोण होता?"

"कसला दुसरा? एक समोरच्या शिवणवालीचा, एक माडीवरच्या ड्रायव्हरचा. अख्खी गल्ली वाडगे इथेच आणून ठेवते. बाकी सगळीकडे कुत्री तोंड घालतात. इथे दिवा आहे, आणि घरमालकिणीची केरसुणी आहे. कुत्रंच काय, माणूसपण फिरकत नाही." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बोलणं आपल्याकडचं दिसतंय. क्वांग न्गाय?"

मी मान हलवली. 

"उयेनची आई? त्या भूगोलाच्या बाई? अगं बाई गं! आणि उभी काय, बस ना!"

"बसायला नाही आले. ती कुठे आहे?"

"आज शनिवार. शनिवारी ती इथे जेवत नाही." ती थोडी घुटमळली. "खात्रीने नाही सांगत हं. तिने मला काही सांगितलेलं नाही. पण देवळामागे ऊतकाकांचं गाण्याचं अंगण आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिथून आठ वाडग्यांची मागणी असते. मी तबक फाटकातच ठेवते, आत जात नाही, म्हणून कोणाचं तोंड दिसत नाही. पण महिनाभर झाला, त्यातला एक वाडगा कांद्याच्या पातीशिवाय मागतात. आणि परत येतो तेव्हा त्याच्या काठावर मिरच्यांचे तीन देठ असतात. एका ओळीत मांडलेले, इथे उयेनच्या वाडग्यावर असतात तसेच."

सायगॉनची माणसं मिरची चिरून सुपात टाकतात. आम्ही अख्खी मिरची दाताने तोडतो, देठ तेवढा उरतो. आणि उयेन चार वर्षांची असल्यापासून देठ काठावर ओळीने मांडते. मी किती ओरडले असेन तिला, ताटाशी खेळू नकोस म्हणून.

"गाण्याचं अंगण म्हणजे काय? कराओके?" माझ्या डोळ्यांसमोर आल्या त्या काळ्या काचा, लाल दिवे आणि दारात उभ्या असलेल्या मुली.

"चल, बघशील. पण माझी फेरी सोडून मला येता येणार नाही. हे धर." तिने ते दोन धुतलेले वाडगे माझ्या हातात दिले. "आणि वाटेत कोणाचे धुऊ नकोस."

अशी मी सायगॉनची रात्र पाहिली, उष्टे वाडगे हातात घेऊन. फुटपाथवर गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर माणसं नारळाच्या दुधातल्या गोगलगाई टाचणीने उकरून खात होती. टिकल्यांचा झगा घातलेली एक बाई लाउडस्पीकर ढकलत टेबलाटेबलाशी गात होती आणि गाणं संपलं की शेंगदाण्याच्या वड्या विकत होती. एका टेबलावर सात-आठ जण बर्फ घातलेली बिअर उंचावून एकदम ओरडले, "एक, दोन, तीन, यो!" मी दचकले आणि हातातला वाडगा पडता पडता राहिला.

त्यातला एकजण म्हणाला, "साउताई, नवीन हाताखाली घेतलीस का कोणी? मावशी, या, एक घोट घ्या!"

"तुझ्या बायकोला बोलावते, ती देईल तुला घोट," साउताई न थांबता म्हणाली. "आणि काल सूप अर्धं टाकलंस. पोट बरं नाही तर पितोस कशाला?"

तो खरोखरच ग्लास खाली ठेवून लाजल्यासारखा हसला.

मग माझ्या लक्षात आलं की ही बाई वाडगे नुसते उचलत नाही, वाचते. प्रत्येक वाडगा दिव्याखाली तिरका करून बघत होती. "हिने मांस बाजूला काढलं, पौर्णिमेचा उपास धरलाय. हा म्हातारा आज सगळं संपवून बसलाय, म्हणजे मुलाचा फोन आला." मला त्या क्षणी या गोष्टीचा राग आला. माझी मुलगी कुठे आहे माहीत नाही आणि ही म्हाताऱ्याचं सूप बघत बसली आहे.

"भरभर चला ना," मी म्हणाले. "तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं."

"आहे की. दा नांगला नर्स आहे." ती पुढचा वाडगा उचलत म्हणाली. "दोन वर्षांची होती तेव्हा सासूबाईंकडे ठेवून आले. गाडीवर मूल कसं सांभाळणार? ती काय खायची, काय टाकायची, मला कधीच कळलं नाही. तेतला गेले की सासूबाई सांगायच्या, आता हिला वांगं आवडतं. मी वांगं करायचे, तर तोपर्यंत तिचं ते बंद झालेलं असायचं." मग तबक दुसऱ्या काखेत घेतलं. "म्हणून इथल्यांचे बघते. सवय लागली. चल, आलंच."

माफी मागायला हवी होती, ती तेव्हा सुचली नाही.

देवळाच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ होता. साउताईने बोळाच्या तोंडाशी बांबू आणि कांब कमरेच्या पट्ट्यात खोचले. आतून तारांचा आवाज येत होता, आणि एक लाकडी टकटक. आणि मग आवाज. मुलीचा.

तो आवाज मी ती पोटात असल्यापासून ओळखते म्हटलं तरी चालेल. पण ती असं काही गाऊ शकते हे मला माहीत नव्हतं. वोंग को होतं ते, दक्षिणेतलं जुनं गाणं. त्यात आधी शब्दांमागून शब्द एका श्वासात वर चढत जातात, आणि मग सूर एकदम खाली येऊन बसतो. ती चढत होती. आमच्या क्वांग न्गायच्या जाड बोलीत.

फाटक उघडंच होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि साउताईने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता.

"सूर खाली येऊ दे आधी," ती कुजबुजली.

"माझी मुलगी आहे ती!"

"कोणाचीही असो. मध्ये तोडलं तर तिचा श्वास तुटेल. सव्वीस वर्षांत मी इथे मध्ये ठोका दिलेला नाही."

मी थांबले. फाटकातून सगळं दिसत होतं. पत्र्याखाली एक पिवळा बल्ब, फरशीवर चटई, सहा-सात म्हातारी माणसं. त्यांतल्या एकाच्या मांडीवर चंद्रासारखं गोल वाद्य. शेजारी एक आजी पायाने लाकडी ठोकळा दाबून ताल देत होती. आणि मध्ये उयेन, घरातल्या कपड्यांत, केसांना चिमटा लावून, डोळे मिटून. तिच्यासमोर वाडगा होता. काठावर तीन देठ.

तिचा श्वास पुरेल का? एवढाच प्रश्न उरला होता मला. दिवसभर बसमध्ये मी काय काय कल्पिलं होतं, आणि आता बोळात उभी राहून मी तिच्यासाठी माझाच श्वास धरला होता. शब्द वर गेले, अजून वर, थोडे थरथरले, आणि मग सूर खाली आला. नीट बसला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, "आली! खाली आली बरं का!" आणि माझ्या शेजारी साउताईने बांबू काढून दोन सावकाश, तीन भरभर ठोके दिले.

उयेनने डोळे उघडले आणि फाटकाकडे पाहिलं.

"आई?"

मी वाडगे हातात घेऊन नुसती उभी. रडू आलं ते आलंच.

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांना काय होतंय! फोन का नाही उचलत तू?"

गोल वाद्यवाले म्हातारे म्हणजेच ऊतकाका. ते जुने न्हावी, आता धंदा बंद. त्यांनी कोपऱ्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. "फोन इथे असतात बाई. माझा नियम आहे. मधेच वाजले की ताल जातो. आज हा डबा सारखा गुरगुरत होता, मला वाटलं आत उंदीर शिरला." झाकण काढलं. उयेनच्या फोनवर माझे सतरा कॉल.

"मला सांगायचं होतं गं," उयेन खाली बघत म्हणाली. "पण तू म्हणाली असतीस, रात्रीचं बाहेर नको."

"म्हणालेच असते."

"हो ना. म्हणून."

ऊतकाका म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण ही शब्द असे चावते की दगड फोडतेय असं वाटतं." सगळे हसले. उयेनही हसली, आणि तिला माझ्यासमोर असं चिडवलं जाताना पाहून मला इतकं हलकं वाटलं की मी चटईवर बसले ती बसलेच. साउताई मागे जाऊन तामभाऊकडून एक वाडगा घेऊन आली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. तीन मिरच्या खाल्ल्या. देठ काठावर ठेवले तेव्हा साउताई उयेनकडे बघून म्हणाली, "बघ, कोणाकडून आलंय ते!"

मी दोन दिवस राहिले. सोमवारी रात्री साउताईबरोबर पुन्हा एक फेरी मारली, या वेळी सावकाश. निघताना तिला म्हणाले, त्या रात्री मुलीबद्दल बोलले ते चुकलं. ती म्हणाली, "काय बोललीस? मी वाडगे मोजत होते." तिला सगळं आठवतं, हे मला माहीत आहे.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवारी मी फोन करत नाही. म्हणजे हात फोनकडे जातो, पण करत नाही. साउताई ऊतकाकांच्या फाटकातून वाडगे उचलते, दिव्याखाली बघते, आणि मला एक मिस्ड कॉल देते. एकदाच वाजवते, उचलायचा नाही. तीन देठ आहेत, असा त्याचा अर्थ. गेल्या गुरुवारी दोनदा वाजला तेव्हा माझा जीव उडाला. उलट फोन केला तर म्हणाली, "अगं चार होते. आज मिरची लहान होती."

आज शनिवार. पावणेबाराला एकदा वाजून बंद झाला. तिचे बाबा कधीचे झोपलेत. मीही आता दिवा मालवते.