साबिहाचं बेटावरचं कॉलेज

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात करंजा बंदरावरून सुनंदाचा, साबिहाच्या जुन्या विद्यार्थिनीचा, फोन आला. मागे मासळीच्या लिलावाचा गलका, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. "मॅडम, आपा गेल्या म्हनतात. खरं हाय का?" आपा म्हणजे साबिहा. पनवेलला मी तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि मलाच पत्ता नव्हता. पहाटे झोपेतच गेली ती, हे मागाहून कळलं. "आत्ता जाऊन बघते," मी म्हटलं. सुनंदाला तेवढं पुरलं. "आमच्यापायी लई फिरल्या ओ..." म्हणाली, आणि फोन ठेवला.

साबिहा आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. ती अर्थशास्त्र, मी मराठी. निवृत्तीनंतर मी नातवंडांत रमले. तिनं लग्न केलं नव्हतं आणि स्वस्थ बसणं तिला जमत नसे. एकदा ती उरणसमोरच्या एका लहानशा बेटावर कुणाच्या तरी लग्नाला गेली आणि परतली ती चिडूनच. "तिथल्या मुली होडीनं ये-जा करून कशाबशा बारावी होतात गं, आणि मग घरी बसतात. कॉलेज सुटेपर्यंत शेवटची होडी गेलेली असते. मुलींना कॉलेजला जाता येत नाही ना, मग कॉलेजनं जावं तिकडे!" मी हसले होते. ती मात्र कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली, आणि खरंच एके दिवशी बेटावरच्या प्राथमिक शाळेच्या एका खोलीत बी. ए.चं दूरशिक्षण केंद्र मंजूर करून आणलं.

दर रविवारी ती होडीनं जायची. मीही अधूनमधून गेले. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, आणि मागणी-पुरवठा शिकवताना साबिहा त्याच बोंबलांचा भाव काढायची. सुनंदा सगळ्यांत हुशार, प्रश्न विचारून भंडावणारी. तिचे वडील होडी चालवायचे. पोरीचं लग्न ठरवत होते, ते साबिहाच्या शब्दावर थांबले. "पोरगी तुमच्या भरवशावर हाय, आपा."

परीक्षा मात्र खारघरला, आणि ती आली ऐन पावसाळ्यात. पहिल्या पेपरच्या दिवशी समुद्र खवळला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला, होड्या बंद. साबिहा उरणच्या धक्क्यावर भिजत उभी राहिली, मग तशीच खारघरला धावली. "पेपर पुन्हा घ्या, नाहीतर बेटावर घ्या." परीक्षा केंद्रातल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढ्या थोड्या मुलींसाठी वेगळी सोय होत नाही, एवढंच सांगितलं.

पेपर बुडाला, आणि मुलींचं वर्ष वाया गेलं. पुढच्या रविवारी सुनंदाचे वडील साबिहाला धक्क्यावरच भेटले. रागावले नव्हते, तेच वाईट. "दर्या कुनाचं ऐकतो का, आपा? तुमची चूक नाय. पन आता पुरं." हिवाळ्यात सुनंदा करंजाला सासरी गेली. पाठोपाठ बाकीच्याही पांगल्या, आणि मुलीच नाहीत म्हणून केंद्र बंद झालं. साबिहा अर्ज करत राहिली. नंतर कुणी तरी तिला ऑनलाइन शिकवण्याचा सल्ला दिला. बेटावर रेंज फक्त टेकडीवर यायची. शेवटी शेवटी ती हा विषयच काढीनाशी झाली. मीही विचारलं नाही. विचारून करणार काय होते...

परवा तिचा भाचा घर आवरत होता, म्हणून गेले. आतली खोली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. भिंतीला लागून चार खाटा, प्रत्येकीवर धुतलेली चादर, उशाशी टेबललॅम्प. केंद्र बंद पडल्यावर तिनं त्या मांडल्या होत्या म्हणे. केंद्र पुन्हा सुरू झालं तर परीक्षेआधी मुलींनी चार दिवस इथे येऊन राहावं म्हणून. तिनं घरोघर सांगून पाहिलं, पण परक्या घरी मुलगी ठेवायला कुणी तयार झालं नाही. "तरी दर शुक्रवारी चादरी बदलायची," भाचा म्हणाला. "मावशी, ह्या खाटा कुणाला द्यायच्या? तिकडे बेटावर कुणी शिकतंय का अजून?"

मी बेटावरचं एकेक घर आठवून पाहिलं. एकही नाव सुचलं नाही.