अय्यूब नाव ठेवताना

माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघंही सहा महिन्यांच्या आत गेले. तिसरा जन्मला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि बाळंतिणीची धुणी धुवून पार थकले होते. आनंद धड कुणालाच होत नव्हता. पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. कामरगावात बा कापूस पिंजून गाद्या भरायचा. आम्ही मुसलमान, पण घरात बोली वऱ्हाडीच.

लेकरं जगत नसली की काय करायचं, याची गावात एक रीत होती. मायनं बाळाला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या काकूनं फेकलेलं म्हणून उचललं आणि परत मायच्या ओटीत टाकलं. हाक मारायचं नावही उकंडाच. टाकलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही म्हणे.

सातव्या दिवशी जावळ काढायला न्हावी आला, तसे मौलवीसाबही आले. बाला पैगंबराचं नाव हवं होतं, अय्यूब. दोन लेकरांना माती देऊन आल्यावर त्याला तोच एक पैगंबर आपला वाटायचा.

"म्हंजे काय?" मायनं विचारलं.

"अल्लाकडे परतनारा," मौलवीसाब म्हणाले.

"दोघं गेलेच ना परत. ह्याले कायले तेच नाव?"

बा चिडला नाही. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. मग मौलवीसाबांनी सगळी हकिकत सांगितली. अय्यूबची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले. लोकांनी त्याला गावाबाहेर नेऊन टाकलं. वर्षानुवर्षं तो उकिरड्यावर बसून राहिला, पण तोंडून तक्रारीचा शब्द नाही. म्हणून सबर, म्हणजे सोसून गप्प राहणं, म्हटलं की त्याचंच नाव निघतं.

"उकंड्यावर?" मायनं मान वर केली. बाकीचं तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. "आन वाचला?"

"वाचला."

ती बाळाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत बसली. मला वाटलं, आता ही हो म्हणेल आणि मला उठून भांडी घासावी लागतील.

"ठेवा," ती म्हणाली. "पन ह्याले सबर शिकवू नोका कोनी. पयले दोघं लय सबरवाले व्हते. दुखत व्हतं तरी रडले नाही. मले समजलंच नाही."

न्हाव्याच्या गार पाण्यानं की भुकेनं, बाळ कोकलून रडायला लागलं. कुणी त्याला उगी म्हटलं नाही.